चोरीचा माल, गाडीची झडती आणि अपील : चौसाळ्याच्या रस्त्यावरचा कायदा

चोरीचा माल ज्याच्याकडे सापडतो त्याला कोणत्या आधारावर दोषी ठरवायचे, या प्रश्नाचे उत्तर चौसाळ्याच्या परिसरात गेल्या दोनशे वर्षांत पुन्हा पुन्हा बदलत गेले. आधी चोरीचा माग ज्या गावात शिरेल ते गाव जबाबदार धरले जाई. पुढे माल ज्याच्या ताब्यात सापडेल तो माणूस जबाबदार ठरू लागला. आजच्या कायद्याला ताबाही पुरत नाही. माल चोरीचा आहे हे त्या माणसाला ठाऊक होते, किंवा तसे मानण्यास त्याच्याजवळ सबळ कारण होते, हे सिद्ध व्हावे लागते. खालच्या न्यायालयात दिलेली शिक्षा अपिलात टिकते की कोसळते, हे बहुतेक वेळा या शेवटच्या मुद्द्यावर ठरते. झडती गाडीची असेल तर हा मुद्दा आणखी नाजूक होतो.

चौसाळा हे बीड तालुक्यातले गाव बालाघाटच्या पठारावर, बीड शहराच्या दक्षिणेला आहे. मांजरसुंब्याहून येरमाळ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ते लागते. हाच सोलापूर–धुळे महामार्ग. त्याचा जुना क्रमांक २११ होता, आता तो राष्ट्रीय महामार्ग ५२ आहे. बीड शहरापर्यंत रेल्वे २०२५ मध्ये आली. तोपर्यंत या भागात येणारा-जाणारा सगळा माल बैलाच्या पाठीवरून, बैलगाडीतून किंवा ट्रकमधून गेला. चोरीचा मालही त्याच वाटेने गेला.

मराठेशाहीत चोरीचा तपास हे गावाचे काम होते. जागल्या आणि रामोशी पावलांचा माग काढत. माग शिवेपर्यंत नेऊन पुढच्या गावाच्या ताब्यात दिला की पहिल्या गावाची जबाबदारी संपे. माग जिथे थांबेल त्या गावाने एक तर चोर आणि माल हजर करायचा, नाही तर नुकसान भरून द्यायचे, अशी रीत होती. पेशवाई बुडाल्यावर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ मध्ये जिंकलेल्या मुलखाविषयी जो अहवाल लिहिला, त्यात या व्यवस्थेची नोंद आहे. या रीतीत अपिलाला फारशी जागा नव्हती. एकट्या माणसाचा दोष ठरवण्यापेक्षा नुकसान कोणी भरायचे हे ठरवणे हा तिचा हेतू होता. वाटसरू, लमाण्यांचे तांडे आणि फिरस्त्या जमाती मात्र कोणत्याच गावच्या नव्हत्या. त्यांच्या बाजूने बोलणारा पाटील नसे, म्हणून संशय आधी त्यांच्यावर जाई.

१८१८ नंतर या भागातून दोन राज्यांची सीमा गेली. बार्शी आणि जामखेड इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात होते, तर बीड निजामाच्या राज्यात. इलाख्यात १८२७ च्या एल्फिन्स्टन संहितेतला चौदावा रेग्युलेशन फौजदारी कायदा म्हणून लागू झाला. त्याच्या जागी १ जानेवारी १८६२ पासून भारतीय दंड संहिता आली. निजामाच्या मुलखात सालारजंगाने १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली आणि जिल्हा न्यायालये व पोलीस यांची घडी बसवली. तिथे दंडाचा कायदा स्वतंत्र होता, पण त्याची मांडणी ब्रिटिश हिंदुस्थानातल्या संहितेवरून घेतलेली होती. सीमेवर करोडगिरीचे नाके होते. आयात-निर्यातीच्या मालावर जकात घेताना गाड्यांची झडती होई. बैलगाडीतले पोते उघडून पाहण्याचा सरकारी अधिकार या भागातल्या लोकांना आधी करोडगिरीच्या शिपायाकडून कळला. फौजदारी कायद्याचा संबंध त्यानंतर आला.

निजामाच्या न्यायव्यवस्थेतली एक गोष्ट आवर्जून सांगण्यासारखी आहे. १९२१ च्या फर्मानाने हैदराबाद संस्थानात न्याय आणि कारभार ही खाती वेगळी झाली. मुंबई राज्यात तसा कायदा व्हायला १९५१ साल उजाडले. सीमेपलीकडे १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेनुसार दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्गाच्या मॅजिस्ट्रेटने दिलेल्या शिक्षेवरचे अपील जिल्हा मॅजिस्ट्रेटकडे जाई. हा जिल्हा मॅजिस्ट्रेट म्हणजेच कलेक्टर, आणि पोलिसांवर देखरेखही त्याचीच. ज्याच्या हाताखालच्या पोलिसांनी माल पकडला त्याच्याकडेच दाद मागायची, हा या अपिलाचा मोठा दोष होता. बीडच्या बाजूला तो दोष लवकर दूर झाला. मात्र तिथे वेगळी अडचण होती. फारसीच्या जागी आलेली उर्दू ही न्यायालयांची भाषा होती. मराठी बोलणाऱ्या शेतकऱ्याला स्वतःविरुद्धचा निकाल वाचून घेण्यासाठीही दुसऱ्याच्या दारात जावे लागे. न वाचता येणाऱ्या निकालावर अपील करणे किती अवघड, हे वेगळे सांगायला नको.

त्याच काळात जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा कायदा आला. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने सरकारला एखादी जमात अधिसूचनेने गुन्हेगार ठरवण्याची मुभा दिली, आणि त्या अधिसूचनेची वैधता कोणत्याही न्यायालयाने तपासू नये असेही लिहून ठेवले. पारधी, कैकाडी यांसारख्या जमातींच्या माणसांना हजेरी द्यावी लागे, गाव सोडताना परवाना घ्यावा लागे. सोलापुरात तारेच्या कुंपणात वसाहत उभी राहिली. अशा माणसाच्या गाडीत भांडे किंवा शेळी सापडली, तर ती चोरीची नाही हे त्यालाच पटवून द्यावे लागे. हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. त्याने लावलेला डाग मात्र पोलीस ठाण्यांच्या वहिवाटीत पुढेही राहिला. चोरीच्या मालाच्या इतिहासातला हा सर्वांत अन्यायाचा भाग आहे, कारण यात अपिलाचा दरवाजा कायद्यानेच बंद केला होता.

सप्टेंबर १९४८ मध्ये पोलीस कारवाई होऊन हैदराबाद भारतात आले. १ एप्रिल १९५१ पासून भारतीय दंड संहिता आणि देशाचा पुरावा कायदा बीड जिल्ह्यालाही लागू झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि उच्च न्यायालयातल्या कामासाठी हैदराबादऐवजी मुंबई गाठावी लागू लागली. औरंगाबादला खंडपीठ सुरू झाले २७ ऑगस्ट १९८१ रोजी. त्याला आव्हान दिले गेले, पण सर्वोच्च न्यायालयाने ते मान्य केले नाही, आणि पुढे १९८४ मध्ये खंडपीठ कायम झाले. चौसाळ्याच्या माणसाला उच्च न्यायालय एका दिवसात जाऊन परतण्याइतके जवळ आले. चोरीच्या मालाचे खटले बहुधा गरिबांविरुद्ध असतात आणि रकमा लहान असतात. अशा खटल्यात न्यायालयाचे अंतर हाच अपिलाचा मोठा खर्च असतो, म्हणून या तारखेचे महत्त्व मोठे.

मूळ कायदा दंड संहितेच्या ४१० ते ४१४ या कलमांत होता. चोरी, खंडणी, जबरी चोरी, अपहार किंवा विश्वासघात यांतून हात बदललेली वस्तू म्हणजे चोरीची मालमत्ता. तीच वस्तू कायदेशीर हक्कदाराच्या ताब्यात परत गेली की तिचे हे रूप संपते. ४११ व्या कलमाखाली अशी वस्तू अप्रामाणिकपणे घेणाऱ्याला किंवा ठेवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकत. दरोड्यातला माल असेल तर ४१२ वे कलम लागे, आणि शिक्षा जन्मठेपेपर्यंत जाई. लपवायला किंवा विल्हेवाट लावायला मदत करणाऱ्यासाठी ४१४ वे कलम होते. १ जुलै २०२४ पासून हे सारे भारतीय न्याय संहितेच्या ३१७ व्या कलमात एकत्र आले. फसवणुकीने मिळवलेली वस्तूही आता व्याख्येत आली आहे.

याच्या जोडीला महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ (पूर्वीचा मुंबई पोलीस अधिनियम) चे १२४ वे कलम आहे. चोरीची असावी असे मानण्यास कारण असलेली वस्तू जो जवळ बाळगतो, कोणत्याही प्रकारे वाहून नेतो, विकायला किंवा गहाण ठेवायला काढतो आणि समाधानकारक हिशेब देऊ शकत नाही, त्याला हे कलम लागते. फिर्यादी सापडला नाही, माल नेमका कोणाचा हे कळले नाही, तरी खटला उभा राहतो, म्हणून पोलिसांना ते सोयीचे वाटते. या कल्पनेचे मूळ लंडनच्या १८३९ च्या पोलीस कायद्यात आहे. चोरीचा माल असल्याच्या संशयावरून बोट, गाडी वा छकडा थांबवून झडती घेण्याचा अधिकार त्या कायद्याने शिपायाला दिला होता. रेल्वेच्या मालासाठी १९६६ चा वेगळा कायदा झाला, त्यातही हिशेब देण्याचे ओझे आरोपीवरच आहे.

२०२४ पर्यंत लागू असलेल्या पुरावा कायद्याच्या ११४ व्या कलमातले पहिले उदाहरण या विषयात सर्वांत जास्त वापरले गेले. चोरीनंतर लगेच ज्याच्याकडे माल सापडतो आणि जो ताब्याचा खुलासा करू शकत नाही, तो एक तर चोर आहे किंवा माल चोरीचा आहे हे जाणून त्याने तो घेतला आहे, असे न्यायालय मानू शकते. ‘मानू शकते’ म्हणजे मानलेच पाहिजे असे नाही. ‘लगेच’ म्हणजे किती दिवस, याची मोजपट्टी कायद्यात नाही. तुळशीराम कानू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने काळाचे अंतर वाढले की गृहीतकाचा जोर कमी होतो असे सांगितले. १९८३ च्या एरभद्रप्पा खटल्यात दागिने आणि रेशमी साड्या वर्षभरानंतर सापडल्या, तरी ते अंतर फार मानले नाही, कारण असल्या वस्तू भराभर हातोहात फिरत नाहीत. कापसाची गाठ, डिझेल किंवा मोबाइल यांना हे लागू पडणार नाही. ही वस्तू बाजारात किती वेगाने फिरते, हा प्रश्न अपिलात म्हणूनच विचारला जातो.

जनावरांच्या बाबतीत या भागाने स्वतःची सोय फार पूर्वीच केली होती. आठवडी बाजारात बैल घेतला की पावती करायची आणि जनावराच्या खुणा, शिंगे, रंग, डाग त्यात लिहून घ्यायचे. नेकनूरच्या बाजारातून जनावर घेऊन निघालेल्या माणसाला वाटेत कोणी अडवले तर ती पावती हाच त्याचा खुलासा. खुलासा संशयापलीकडे सिद्ध करावा लागत नाही. तो संभवनीय वाटला की पुरे, आणि तो खोटा पाडण्याचे काम सरकार पक्षाचे.

आता गाडीच्या झडतीकडे. १८९८ च्या प्रक्रिया संहितेत ‘ठिकाण’ या व्याख्येत घर, इमारत, तंबू आणि जहाज होते. १९७३ च्या संहितेने त्यात वाहन घातले, आणि महामार्गावरच्या ट्रकची झडती कायद्याच्या नजरेत घरझडतीच्या रांगेत आली. तपासी अधिकाऱ्याने झडतीची कारणे लिहावीत, परिसरातले दोन किंवा अधिक स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी पंच म्हणून बोलवावेत, मालाची यादी करून त्यावर पंचांच्या सह्या घ्याव्यात, अशी रीत त्या संहितेने घालून दिली. संशयित माल जप्त करण्याचा अधिकार १०२ व्या कलमाने दिला होता. आता प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो १०६ व्या कलमात आहे.

रीत मोडली तर काय होते, यावर देशादेशांत मतभेद आहेत. अमेरिकेत १९२५ च्या कॅरोल खटल्यात, दारूबंदीच्या काळात, वॉरंटाशिवाय मोटारीची झडती घेण्याला न्यायालयाने मुभा दिली, कारण घर जागेवर राहते आणि मोटार निघून जाते. पण सबळ कारण नसताना घेतलेल्या झडतीत मिळालेली वस्तू तिथे पुराव्यातूनच वगळली जाते, आणि अख्खे अपील त्या एका मुद्द्यावर जिंकता येते. भारतात तसे नाही. राधाकिशन आणि पूरणमल या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की झडती नियमबाह्य असली तरी तेवढ्याने जप्ती रद्द होत नाही. पुरावा फक्त अधिक बारकाईने तपासावा लागतो. म्हणून ‘वॉरंट नव्हते’ एवढ्यावर अपील उभे करणारा वकील बहुधा हरतो. पंचनाम्याची वेळ आणि ठाण्याच्या डायरीतली वेळ जुळत नाही, पंच दूरच्या गावचा आहे किंवा पोलिसांच्या नेहमीच्या बोलावण्यातला आहे, मालाला जागेवर लाखेची मोहोर लावली नाही, असे दाखवणाऱ्याच्या हाती काही तरी लागते.

पंच फितूर झाला, म्हणजे न्यायालयात त्याने पंचनामा नाकारला, तरी खटला आपोआप पडत नाही. तपासी अधिकाऱ्याच्या साक्षीवर न्यायालय विश्वास ठेवू शकते. पण ती साक्ष मग एकटी उभी राहते. महामार्गावर रात्री दोन वाजता पंच मिळणे सोपे नसते हे खरे आहे, आणि धाब्यावरचा कामगार किंवा पंक्चर काढणारा पोरगा सही करून मोकळा होतो हेही खरे आहे. ज्या पंचाला कागदात काय लिहिले हे वाचून दाखवलेले नसते, त्याची सही अपिलात सरकार पक्षाच्या कामी येत नाही.

गाडीच्या खटल्यातला खरा पेच ताब्याचा आहे. ट्रकमध्ये चालक असतो, क्लीनर असतो, कधी वाटेत बसलेला प्रवासी असतो. मालक शंभर कोसांवर असतो, आणि माल तिसऱ्याच व्यापाऱ्याचा असतो. सोलापूर–धुळे रस्त्यावर घाटाच्या चढाला ट्रकचा वेग कमी झाला की मागून ताडपत्री फाडून माल खाली टाकण्याचे प्रकार घडत आले आहेत. तो माल लगेच दुसऱ्या टेम्पोत भरला जातो. त्या टेम्पोचा चालक टोळीतला असेल किंवा भाड्याने बोलावलेला असेल. १९७२ च्या गुणवंतलाल खटल्यात, शस्त्र कायद्याच्या संदर्भात, सर्वोच्च न्यायालयाने ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो असे सांगितले. तेच तत्त्व इथे लागते. टेम्पोच्या हौद्यात माल होता एवढ्याने आत बसलेल्या प्रत्येकाचा ताबा सिद्ध होत नाही.

१९५४ च्या ऑल इंडिया रिपोर्टरमध्ये छापलेला त्र्यंबक खटला या विषयाचा पाया आहे. दागिने शेतातून निघाले होते. शेत उघडे होते, कोणीही तिथे येऊ-जाऊ शकत होते, म्हणून ते आरोपीच्या ताब्यात होते असे ठामपणे म्हणता येत नाही, असे न्यायालयाने ठरवले. माल आरोपीच्या ताब्यात होता, त्याआधी तो दुसऱ्या कोणाच्या ताब्यात होता, आणि तो चोरीचा असल्याचे आरोपीला ठाऊक होते, या तिन्ही गोष्टी सरकार पक्षाने सिद्ध कराव्यात, असा दंडक तिथे घातला गेला. सप्टेंबर २०२२ मध्ये शिवकुमार विरुद्ध मध्य प्रदेश राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याच दंडकावर ४११ खालची शिक्षा रद्द केली. खालच्या दोन न्यायालयांनी ज्ञानाचा पुरावा न शोधता केवळ माल सापडल्यावर दोष ठरवला की तिसऱ्या न्यायालयात निकाल उलटतो, हे जवळपास सत्तर वर्षांनंतरही तितकेच खरे राहिले.

आरोपीने पोलीस कोठडीत ‘माल दाखवतो’ म्हटल्यावर होणारा निवेदन पंचनामाही अपिलात नेहमी तपासला जातो. पोलिसांपुढचा कबुलीजबाब चालत नाही, पण त्या बोलण्यामुळे जी वस्तुस्थिती उघड झाली तेवढा भाग चालतो. प्रिव्ही कौन्सिलने १९४६ मध्ये पुलुकुरी कोटय्या खटल्यात ही मर्यादा आखून दिली. ‘मी लपवलेला माल दाखवतो’ यातला ‘लपवलेला’ हा शब्दही ग्राह्य असल्याचे १९६२ मध्ये चिन्नास्वामी रेड्डी खटल्यात ठरले. ‘चोरून आणलेला’ मात्र चालत नाही.

अपिलाची वाट अशी आहे. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याने बीडला शिक्षा दिली तर अपील बीडच्या सत्र न्यायालयात, तीस दिवसांच्या आत. दरोड्याच्या मालाचा खटला सत्र न्यायालयातच चालतो, म्हणून त्याचे अपील थेट औरंगाबाद खंडपीठाकडे जाते आणि त्याला साठ दिवस मिळतात. उशीर झाला तर कारण देऊन तो माफ करून घेता येतो. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी जामिनावर असेल, तर अपील दाखल करण्यापुरता जामीन शिक्षा देणारे न्यायालयच देते. तुरुंगात असलेल्याला अधीक्षकामार्फत अपील पाठवता येते. निकालाची प्रत त्याला विनामूल्य आणि वेळेत मिळाली पाहिजे, आणि वकील परवडत नसेल तर सरकारने द्यावा, हे १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने बजावले. उर्दू निकालांच्या काळापासून या भागातल्या आरोपीची जी अडचण होती तिच्यावरचा हा खरा उपाय. वकील गैरहजर राहिला म्हणून अपील काढून टाकता येत नाही, गुणदोषांवरच निकाल द्यावा लागतो, हे १९९६ च्या बनी सिंग खटल्याने पक्के केले.

अपील न्यायालय निर्दोष सोडू शकते, फेरखटल्याचा हुकूम देऊ शकते, किंवा दोष एका कलमाखालून दुसऱ्याखाली आणू शकते. आरोपीच्या अपिलात शिक्षा वाढवता येत नाही. ही हमी ठाऊक नसल्यामुळे पुष्कळ लोक अपील करायला घाबरतात. पहिलाच गुन्हा असेल आणि माल किरकोळ किमतीचा असेल, तर १९५८ च्या परिवीक्षा कायद्याखाली बंधपत्रावर सुटका होऊ शकते. सत्र न्यायालयातही हार झाली, तर दुसरे अपील नाही. खंडपीठापुढे पुनरीक्षण अर्ज करता येतो, पण तिथे पुरावा नव्याने तोलला जात नाही, कायद्याची चूक किंवा उघड विपरीत निष्कर्ष दाखवावा लागतो.

जप्त गाडीचा प्रश्न वेगळा. ती वर्षानुवर्षे ठाण्याच्या आवारात गंजू नये, फोटो आणि पंचनामा करून, बंधपत्र घेऊन ती लवकर परत करावी, असे सुंदरभाई देसाई खटल्यात २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. टेम्पो हेच ज्याचे पोट आहे, त्याच्यासाठी हा आदेश कधी कधी अपिलाच्या निकालापेक्षाही मोलाचा ठरतो.

१ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेच्या १०५ व्या कलमाने झडती आणि जप्तीचे दृक्‌श्राव्य चित्रण, शक्यतो मोबाइलवर, करणे आणि ते विनाविलंब दंडाधिकाऱ्याकडे पाठवणे पोलिसांवर बंधनकारक केले आहे. माल हौद्यात नेमका कुठे होता, चालक काय म्हणाला, पंच तिथे होते की नाही, हे आता कागदावरच्या सहीखेरीज चित्रावरूनही तपासता येईल. ज्याला अपील करायचे आहे त्याने निकालाच्या प्रतीबरोबर या चित्रणाची प्रतही मागून घ्यावी.